रात्रीचं विमान आणि झोपेचा हिशेब

रात्रीच्या विमानाला दोन-तीन दिवस उरले की तो निरोप येतो. तुमची सीट अपग्रेड करा, खाली एक रक्कम, आणि बहुतेक वेळा 'ही संधी अमुक वेळेपर्यंतच'. सोबत फोटो असतो, त्यात शुभ्र उशी असते, सुबक मांडलेलं ताट असतं. एकच माहिती नसते, की एवढ्या पैशांत नेमकी किती तास जास्त झोप मिळणार. दिवसाच्या प्रवासात अपग्रेड म्हणजे ऐसपैस जागा, बरं जेवण, थोडी शांतता; ते घ्यायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या आवडीचा आणि खिशाचा प्रश्न. रात्रीच्या विमानात मात्र आपण विकत घेतो ती झोप. तिचं गणित बऱ्यापैकी अचूक मांडता येतं, आणि ते निरोप येण्याआधी, घरी बसून, शांत डोक्याने मांडून ठेवावं असं मला मनापासून वाटतं. कारण चेक-इन काउंटरवर, मागे रांग ताटकळत असताना, दिवसभर दमलेल्या माणसाला समोर येणारी कुठलीही रक्कम रास्त वाटू लागते.

सुरुवात तिकिटावरच्या वेळेपासून करावी. ती गेटपासून गेटपर्यंतची असते, आडवं व्हायला मिळणाऱ्या वेळेची नसते. समजा प्रवास ७ तासांचा आहे. गेट सोडल्यापासून धावपट्टीवर आपली पाळी येईपर्यंत २० ते ३० मिनिटं जातात. उड्डाणानंतर सीटबेल्टची खूण विझेपर्यंत आणखी १५-२० मिनिटं सीट सरळ ठेवावी लागते. बिझनेसमधला पलंगसुद्धा तोवर खुर्चीच असतो. मग जेवण. ट्रॉली मागच्या रांगेपर्यंत पोचायची, ट्रे उचलले जायचे, दिवे मंद व्हायचे, यात सव्वा ते दीड तास. आता दुसऱ्या टोकाकडून मोजा. उतरायच्या दीड-दोन तास आधी दिवे लागतात, नाश्ता फिरतो. शेवटचा अर्धा तास सीट पुन्हा सरळ, आणि चाकं जमिनीला लागल्यावर गेटपर्यंत पोचायला १० मिनिटं. बेरीज केली की ७ तासांतले चार असेच गेलेले असतात. झोपेला उरतात जेमतेम तीन. झोपेचं एक चक्र सुमारे ९० मिनिटांचं धरलं तर ही दोन चक्रं झाली, तीही मध्ये कुणी उठवलं नाही तर.

या तीन तासांसाठी पैसे मोजावेत का? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. लहान प्रवासाला कशाला अपग्रेड, लांबच्याला घेऊ, असं सरसकट म्हटलं जातं. पण लहान रात्रीच्या विमानात बिझनेसचा खरा उपयोग सीट आडवी होण्याइतकाच जेवण टाळता येण्यात आहे. जेवण आणि नाश्ता दोन्ही सोडले, तर त्याच ७ तासांत झोपेची खिडकी, म्हणजे झोपेला सलग मिळणारा वेळ, तीनवरून साडेपाच तासांपर्यंत रुंदावते. इकॉनॉमीतही जेवण नाकारता येतं, पण दिवे चालू असतात, ट्रॉलीचे धक्के लागत असतात, शेजारी जेवत असतो आणि त्याला बाहेर जायचं झालं तर आपल्याला उठावं लागतं. बिझनेसमध्ये 'मला उतरण्याआधी ४० मिनिटांपर्यंत उठवू नका' एवढं सांगितलं की काम होतं. याची दुसरी बाजूही तितकीच खरी. बिझनेसमध्ये जाऊन जेवण साग्रसंगीत घेतलं, एकामागून एक पदार्थ येत राहिले, तर दीड-दोन तास तिथेच संपतात आणि झोपेची खिडकी इकॉनॉमीतल्या माणसाएवढीच उरते. ६-७ तासांच्या विमानात बिझनेसचं जेवणही हवं आणि झोपही हवी, हे जमत नाही. म्हणूनच काही कंपन्या अशा उड्डाणांच्या आधी लाउंजमध्येच पूर्ण जेवण देतात. ते घ्यावं, विमानात शिरताच झोपायची तयारी करावी.

१३-१४ तासांच्या प्रवासात चित्र वेगळं असतं. खिडकी ९-१० तासांची, म्हणजे वेळेची टंचाई नाही. टंचाई असते ती शरीराच्या सोशिकतेची. खुर्चीत माणूस तुकड्या-तुकड्यांत चार-पाच तास झोपतो; आडवा झाला तर सहा-सात. हा माझा ढोबळ अंदाज आहे, तुमचा आकडा तुम्हाला स्वतःच्या अनुभवावरून घालावा लागेल. काही भाग्यवंत सरळ खुर्चीत सहा तास गाढ झोपतात. त्यांनी अपग्रेडचा निरोप न उघडता पुसून टाकावा. काहींना विमानात पलंग दिला तरी डोळा लागत नाही. त्यांनीही.

वेळेनंतरचा प्रश्न घड्याळाचा, आणि ते घड्याळही मनगटावरचं नव्हे, शरीरातलं. विमान रात्री ९ वाजता सुटतंय हे तिथलं स्थानिक घड्याळ सांगतं. पण तुम्ही दोन दिवसांपूर्वीच तिथे आला असाल आणि तुमचं शरीर अजून संध्याकाळी ५ वाजताच्या तंद्रीत असेल, तर जगातल्या सर्वोत्तम पलंगावरही तुम्ही छताकडे बघत पडून राहाल. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास तर शरीर झोपेला सर्वांत जास्त विरोध करतं, हे झोपेचा अभ्यास करणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. पूर्वेकडे जाणारी, संध्याकाळी लवकर सुटणारी उड्डाणं नेमकी याच वेळेत सापडतात. उलट रात्री १ किंवा २ वाजता सुटणारं विमान आणि तुम्ही त्याच वेळापत्रकात राहणारे असाल, तर बोर्डिंगच्या वेळीच झापड आलेली असते. तिथे आडवी सीट पहिल्या मिनिटापासून कामाला येते. म्हणून निर्णयाआधी एक कागद घ्यावा, विमानातली झोपेची खिडकी आपल्या शरीराच्या घड्याळात लिहावी, आणि ती नेहमीच्या झोपेच्या वेळेवर किती बसते ते पाहावं. निम्म्याहून कमी बसत असेल तर अपग्रेडची किंमत मनातल्या मनात निम्मी करावी.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. विमानात चांगली झोप लागली म्हणजे जेट लॅग टळला, असं होत नाही. शरीराचं घड्याळ पूर्वेकडे जाताना साधारण दिवसाला एक तास, पश्चिमेकडे जाताना दीड तास या वेगाने सरकतं, मग तुम्ही कुठल्याही वर्गात बसलेले असा. अपग्रेडने भरून निघते ती त्या एका रात्रीची झोपेची तूट. ती तूट फार महत्त्वाची असू शकते, उतरल्या उतरल्या गाडी चालवायची असेल तर फारच. सलग १७ ते १९ तास जागलेल्या माणसाची काही चाचण्यांतली कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खालावते, असं २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात आढळलं होतं. दिवसभर काम करून रात्रीच्या विमानात न झोपलेला माणूस हा आकडा सहज ओलांडतो.

आता सीटकडे येऊ. सीटच्या जाहिरातीत इंच असतात, पण झोप ठरते कोनावर. १९८७ साली निकल्सन आणि स्टोन या संशोधकांनी वेगवेगळ्या कोनांत झुकणाऱ्या खुर्च्यांमध्ये माणसांना झोपवून पाहिलं. पाठीचा कोन उभ्या रेषेपासून ४० अंशांच्या आसपास गेला, की झोप पलंगावरच्या झोपेच्या बरीच जवळ येते आणि जवळपास सरळ खुर्चीत ती लक्षणीय बिघडते, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे ४० अंश लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण त्यावर तिन्ही वर्ग लगेच तपासता येतात. इकॉनॉमीची सीट डोक्यापाशी ४-५ इंच मागे जाते. पाठ साधारण २८ इंच उंच धरली तर ५ इंच म्हणजे १० अंश. सीट सरळ असतानाही पाठ थोडी झुकलेली असते, तो झुकाव मिळवला तरी आपण पंचविशीच्या आतबाहेर. प्रीमियम इकॉनॉमीची, म्हणजे इकॉनॉमी आणि बिझनेसच्या मधल्या वर्गाची, सीट ७-८ इंच मागे जाते, म्हणजे १५-१६ अंश. एकूण तिशीच्या आसपास. ४० अंश इथेही गाठले जात नाहीत. बिझनेसमध्ये, सीट पूर्ण सपाट होणारी असेल तर, प्रश्नच मिटतो.

यावरून माझं मत स्पष्ट आहे: रात्रीच्या विमानात प्रीमियम इकॉनॉमी हा सर्वांत फसवा सौदा आहे. ती वाईट असते म्हणून नाही. ३८ इंच पिच (पुढच्या-मागच्या रांगांमधलं अंतर), इंच-दीड इंच जास्त रुंदी, पाय टेकायला आधार, कमी माणसांमागे एक स्वच्छतागृह, हे सगळं छान असतं. दिवसाच्या १० तासांच्या प्रवासाला मी ती आनंदाने सुचवेन. पण तिची किंमत अनेकदा इकॉनॉमीच्या दीडपट ते दुप्पट असते आणि तिच्यातून मिळणारी जादा झोप तासभर असली तरी पुष्कळ. डोकं पुढे कलंडणं, मान अवघडणं, मांड्यांच्या मागे दाब येणं, हे त्रास कमी होतात, संपत नाहीत. शिवाय तिच्यात टेबल आणि बऱ्याचदा स्क्रीनही सीटच्या हातात (आर्मरेस्टमध्ये) असतात, त्यामुळे सीटचे मधले हात वर उचलता येत नाहीत. शेजारची सीट रिकामी राहिली तरी तिच्यावर अंग टाकता येत नाही. इकॉनॉमीत तीन सीट सलग रिकाम्या मिळालेला माणूस तुमच्याहून चांगला झोपतो. सहा फुटांहून उंच माणसाला मात्र मी वेगळा सल्ला देईन. त्याचे गुडघे समोरच्या सीटला टेकत असतील तर त्याला इकॉनॉमीत झोप नाही आणि विश्रांतीही नाही, त्याच्यासाठी प्रीमियमचे पैसे सार्थकी लागतात.

बिझनेसच्या बाबतीत 'बिझनेस' या नावावर विसंबू नये, विमानाचा सीट मॅप उघडून पाहावा. पूर्ण सपाट पलंग बिझनेस वर्गात पहिल्यांदा आणला तो ब्रिटिश एअरवेजने, २००० साली. त्यानंतर अनेक वर्षं काही कंपन्या तिरक्या सपाट सीट वापरत होत्या आणि जुन्या विमानांत त्या अजूनही भेटतात. सीट सरळ रेषेत उघडते खरी, पण जमिनीशी कोन करून, त्यामुळे माणूस रात्रभर हळूहळू पायांकडे घसरत राहतो. मांडणी, म्हणजे मार्गिकांमुळे एका रांगेतल्या सीट कशा विभागल्या आहेत ते, पाहिली की बरंच कळतं. १-२-१ असेल तर प्रत्येकाला थेट मार्गिका मिळते. २-२-२ किंवा २-३-२ असेल तर खिडकीजवळच्या माणसाला बाहेर पडायला शेजाऱ्याचे पाय ओलांडावे लागतात, आणि मधल्या तीनमधल्या मधल्या सीटला बिझनेसचे पैसे देणं मला कधीच पटलेलं नाही. पलंगाची लांबी बहुधा ७५ ते ८० इंच, पण अडचण लांबीची नसते, पायांच्या कप्प्याची असते. पुढच्या सीटच्या बाजूच्या टेबलाखाली पाय जातात ती जागा अनेक मांडण्यांत अरुंद असते. कुशीवर झोपणाऱ्याचे गुडघे तिथे अडकतात. केबिनच्या पहिल्या रांगेत हा कप्पा अनेकदा मोठा असतो. पण तीच रांग गॅलीजवळ (विमानातल्या स्वयंपाकघराजवळ) असेल तर रात्रभर पडद्यामागून उजेड आणि भांड्यांचा आवाज, आणि भिंतीवर बॅसिनेट लावायची सोय असेल तर तान्ह्या बाळाची सोबत. मला विचाराल तर गॅली आणि स्वच्छतागृहापासून तीन-चार रांगा दूर, खिडकीजवळची सीट. आणि पट्टा पांघरुणाच्या वरून बांधा. विमान हलू लागलं की कर्मचाऱ्यांना तो दिसावा लागतो. आत असेल तर ते उठवतात, आणि उठवलंच पाहिजे.

काही गोष्टी कुठल्याही वर्गात पैसे भरून मिळत नाहीत. केबिनमधला हवेचा दाब सगळ्यांना सारखाच असतो. बहुतेक विमानांत तो ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्या डोंगरावर असावा तेवढा, बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये जास्तीत जास्त ६,००० फुटांइतका. हवा कोरडी, आर्द्रता बऱ्याचदा २० टक्क्यांच्या खाली. म्हणजे एकाच मार्गावर दोन उड्डाणं असतील, तर वर्ग बदलण्याआधी विमान बदलता येतं का ते पाहावं. इकॉनॉमीतली रुंदीही विमानावर ठरते: ए३५० मध्ये ३-३-३ मांडणीत आणि ए३३० मध्ये २-४-२ मांडणीत साधारण १८ इंच, तर ७८७ मध्ये ३-३-३ आणि ७७७ मध्ये ३-४-३ असेल तर सुमारे १७. एक इंच कागदावर क्षुल्लक दिसतो. खांद्याला खांदा लावून आठ तास बसल्यावर दिसत नाही. जोडप्याला ए३३० मधल्या खिडकीकडच्या दोन सीट म्हणजे एक पैसा न देता झालेलं अपग्रेडच.

आणि बिझनेसमध्ये मिळणारं मद्य. जर्मन एरोस्पेस सेंटरच्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मद्य घेऊन केबिनइतक्या कमी दाबाच्या हवेत झोपलेल्या निरोगी माणसांच्या रक्तातला ऑक्सिजन ८५ टक्क्यांच्या आसपास उतरला आणि झोपेतही हृदयाचे ठोके मिनिटाला जवळपास ८८ पर्यंत गेले. झोप विकत घेऊन ती ग्लासात बुडवू नये.

आता पैशांचं. माझी पद्धत सोपी आहे. अपग्रेडची रक्कम घ्यायची आणि तिला जादा मिळणाऱ्या झोपेच्या तासांनी भागायचं. मिळालेला आकडा जिथे उतरणार त्या शहरातल्या बऱ्या हॉटेलच्या एका रात्रीच्या भाड्याशी ताडून पाहायचा. झोपेचा एक तास हॉटेलच्या अख्ख्या रात्रीएवढा महाग पडत असेल आणि पोचल्यावर त्या दिवशी काही अडलेलं नसेल, तर मी ते पैसे हॉटेलला देईन: आदल्या रात्रीपासून खोली घेऊन ठेवायची, सकाळी ७ वाजता उतरून थेट आंघोळ आणि चार तास झोप. दुपारी दोनची चेक-इनची वेळ होईपर्यंत लॉबीत पेंगत बसणं, हा थकव्याचा सर्वांत टाळता येण्यासारखा भाग आहे. पण उतरल्यावर तासाभरात बैठक, परीक्षा, शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेला जवळचा माणूस, किंवा हाती गाडीचं चाक असेल, तर हॉटेलची तुलना गैरलागू होते. तेव्हा जरा महाग पडलं तरी घ्यावं.

ही कमाल रक्कम आधी लिहून ठेवली की मग ती कुठल्या वाटेने खर्च करायची ते पाहता येतं. वाटा बऱ्याच आहेत: बुकिंगच्या वेळीच वरचा वर्ग, नंतर ॲपवर येणारी ठरावीक रकमेची ऑफर, बोली (रक्कम आपण सुचवायची, ती घ्यायची की नाही ते कंपनी ठरवते), माइल्स (विमानप्रवासातून साठणारे गुण), चेक-इन काउंटर, आणि काही कंपन्यांत अगदी विमानात शिरल्यावरसुद्धा. पहिली वाट सर्वांत महाग असं गृहीत धरू नये. कधीकधी बिझनेसचं सवलतीचं तिकीट, इकॉनॉमीचं लवचीक तिकीट अधिक अपग्रेड, यापेक्षा स्वस्त निघतं. आणि ते खरंखुरं बिझनेसचं तिकीट असतं, त्याचं सामान, त्याचे माइल्स, त्याचे रद्द करण्याचे नियम सगळं त्यासोबत येतं. अपग्रेड झालेलं तिकीट मात्र आतून बहुधा मूळ तिकीटच राहतं. रद्द करायचे नियम मूळचे, माइल्स बहुतेक ठिकाणी मूळ भाड्याचेच. सामान आणि लाउंज याबाबत प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, म्हणून त्या दोन ओळी शोधून वाचाव्यात.

बोलीचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण गोंधळ तिथेच होतो. स्क्रीनवर किमान आणि कमाल रकमेच्या मध्ये सरकणारा काटा असतो आणि तो 'कमकुवत' ते 'भक्कम' असं काहीतरी सांगत असतो. ती हमी नव्हे. रक्कम बहुतेक वेळा दर माणशी आणि दर उड्डाणाला असते. दोन माणसं आणि मध्ये विमान बदलणं असेल तर दिसणाऱ्या आकड्याचे चार आकडे होतात. मध्ये विमान बदलायचं असेल तर बोली फक्त लांबच्या, रात्रीच्या टप्प्यावर लावावी. दोन तासांच्या दिवसाच्या टप्प्यावर ती लावणं म्हणजे पैसे टाकणं. बोली मंजूर झाली तरच कार्डावरून रक्कम कापली जाते, पण मंजूर झाल्यावर मन बदललं तर ती सहसा परत मिळत नाही. ठरलेल्या मुदतीपर्यंत बोली बदलता किंवा मागे घेता येते. निकाल उड्डाणाच्या दोन-तीन दिवस आधीपासून अगदी काही तास आधीपर्यंत कधीही येतो.

किती बोलावं? आज बिझनेसचं सर्वांत स्वस्त तिकीट किती आणि आपण किती दिले, हा फरक काढावा. समजा आपलं तिकीट १०० चं, बिझनेस आज ३४० ला, फरक २४०. किमान बोली ६० पासून सुरू होत असेल आणि आपली लिहून ठेवलेली कमाल ९० असेल, तर ७० च्या आसपास बोलून सोडून द्यावं, आणि निकाल येईपर्यंत त्याचा विचार करू नये. केबिन रिकामी असेल तर किमानच्या थोडं वरची बोलीही लागते. भरलेली असेल तर १५० ची सुद्धा लागणार नाही. केबिन किती रिकामी आहे ते सीट मॅपवरून ओळखायला जाऊ नये. मॅपवर मोकळ्या दिसणाऱ्या सीट विकल्या गेलेल्या पण अजून निवडलेल्या नसू शकतात, आणि व्यापलेल्या दिसणाऱ्या काही कंपनीने राखून ठेवलेल्या असतात. त्याऐवजी त्याच उड्डाणाचं बिझनेसचं तिकीट एकदम ९ प्रवाशांसाठी शोधून पाहावं. एका बुकिंगमध्ये साधारण तेवढेच चालतात. नऊ जणांना मिळत असेल तर केबिनमध्ये भरपूर जागा आहे. दोघांनाही मिळत नसेल तर बोली किमान ठेवा किंवा सोडूनच द्या.

बिघडतं काय, तर बहुतेक वेळा छोट्या गोष्टी. इकॉनॉमीत पैसे भरून घेतलेली जादा जागेची सीट अपग्रेड होताच सुटते आणि तिचे पैसे परत मिळतीलच असं नाही. म्हणून बोली लावली असेल तर ती सीट घ्यायची घाई करू नये. खास सांगितलेलं जेवण नव्या वर्गात आपोआप येत नाही, ते पुन्हा नोंदवावं लागतं, आणि त्यासाठी बहुधा २४ तासांची मुदत असते. माइल्सने अपग्रेड करताना वरच्या वर्गाचा कर रोख भरावा लागू शकतो. ब्रिटनमधून निघताना तर प्रवासी कराचा दरच बदलतो: सर्वांत खालच्या वर्गाला कमी, त्यावरच्या वर्गांना जास्त, आणि प्रीमियम इकॉनॉमी यात 'वरचा' वर्ग धरली जाते. सर्वांत मोठी गडबड म्हणजे विमान बदलणं. १-२-१ पाहून पैसे भरले आणि आदल्या दिवशी जुनं विमान लागलं, तर तुम्ही बिझनेसमध्येच असता, म्हणून कंपनीच्या लेखी काहीच बिघडलेलं नसतं. म्हणून शेवटच्या ४८ तासांत विमानाचा प्रकार रोज एकदा पाहावा आणि बदल दिसताच काउंटरवर नव्हे, फोनवर बोलावं. खालच्याच वर्गात बसवलं गेलं तर गोष्ट वेगळी. युरोपियन युनियनमधून निघणाऱ्या उड्डाणांना २६१/२००४ हा नियम लागू होतो आणि त्यात अंतरानुसार तिकिटाच्या ३०, ५० किंवा ७५ टक्के रक्कम परत द्यावी लागते. पण अपग्रेडसाठी वेगळी भरलेली रक्कम मागायची तर पावती हवी, ती जपून ठेवावी.

अपग्रेड न घेता रात्र सुसह्य करायचे मार्गही आहेत, आणि त्यांना दुय्यम समजू नये. आपत्कालीन दाराजवळच्या रांगेत पाय पसरतात, पण टेबल सीटच्या हातात असल्यामुळे सीट किंचित अरुंद होते, उड्डाण आणि उतरताना पिशवी पायाशी ठेवता येत नाही, आणि दाराच्या आसपास गारवा जाणवतो. या रांगेच्या पुढच्या रांगेची पाठ अनेकदा मागे झुकतच नाही, तिथे रात्री चुकूनही बसू नये; शेवटच्या रांगेचंही तेच. काही कंपन्या शेजारची रिकामी सीट थोड्या रकमेत देतात. रात्रीसाठी मला हा पर्याय प्रीमियमपेक्षा सरस वाटतो, कारण सीटचा मधला हात वर करून कमरेपासून वळता येतं. एअर न्यूझीलंडच्या 'स्कायकाउच'मध्ये इकॉनॉमीच्या तीन सीटचा मिळून सोफा होतो. तो साधारण दीड मीटर लांब, म्हणजे लहान मूल असलेल्या आईवडिलांना उत्तम, उंच माणसाला निरुपयोगी.

पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती दाखवून अपग्रेडचं समर्थन केलं जातं, तेही तपासून घ्यावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार ४ तासांहून लांबच्या प्रवासाने हा धोका साधारण दुप्पट होतो, तरी निरोगी माणसात तो सुमारे ६,००० त एक इतका राहतो. १.९० मीटरहून उंच आणि १.६० मीटरहून बुटक्या लोकांना तो अधिक. कारण हालचाल न करणं हे आहे, इकॉनॉमी नव्हे. रेल्वे आणि बसलाही ते लागू होतं. आधी असा त्रास झाला असेल तर डॉक्टरांना विचारावं. त्याचं उत्तर सीटच्या पैशांत नाही.

राहिला तो सर्वांत नाजूक प्रश्न, दोघं एकत्र प्रवास करत असतील आणि पैसे एकाच अपग्रेडपुरते असतील तर. एका पीएनआरवर लावलेली बोली सहसा त्यावरच्या सगळ्यांसाठी असते. एकट्यासाठी हवी असेल तर पीएनआर वेगळे करून घ्यावे लागतात, आणि हे काम बोली लावण्याआधी करायचं. वेगळे केलेले पीएनआर पुन्हा जोडता येत नाहीत, आणि उड्डाण रद्द झालं तर दोघांना दोन वेगळ्या विमानांत टाकलं जाऊ शकतं. म्हणून दोन्ही बुकिंगमध्ये एकमेकांचा क्रमांक नोंदवून घ्यावा. मध्यरात्री सीटची अदलाबदल करू असं ठरवून जाऊ नये, अनेक कंपन्या ती चालवून घेत नाहीत. लहान मूल असेल तर त्याच्यासोबत त्याच वर्गात एक मोठं माणूस लागतंच. मग वरची सीट कुणाला? ज्याने तिकीट काढलं त्याला नव्हे, ज्याचं वय जास्त त्यालाही आपोआप नव्हे. ज्याला उतरल्यावर गाडी चालवायची आहे त्याला. तसं कुणी नसेल तर ज्याची पाठ दुखते त्याला. आणि दोघांचीही पाठ धड असेल, गाडी दुसरंच कुणी आणणार असेल, तर दोघांनी इकॉनॉमीत खिडकी आणि मार्गिकेची सीट घ्यावी, मधली मोकळी सोडावी. विमान पूर्ण भरलं नाही तर ही मधली सीट शेवटपर्यंत रिकामी राहण्याची शक्यता बरी असते. आणि कुणी आलंच, तर त्याला खिडकी किंवा मार्गिका देऊ केली की तो आनंदाने सरकतो.